दगडूनानांची गंजी

मोटारींच्या रॅलीत गाडी चालवणाऱ्याला लोक दोनच प्रश्न विचारतात. भीती वाटत नाही का, आणि घरच्यांनी परवानगी कशी दिली. पहिल्याचं खरं उत्तर मी आजवर कुणाला दिलेलं नाही आणि इथेही देणार नाही. दुसऱ्याचं देतो. घरच्यांनी परवानगी दिली नाहीच, उलट माझ्या पहिल्या रॅलीच्या आदल्या दिवशी माझ्या जन्मदात्या बापाने वळणावरची गवताची गंजी उचलली आणि मला गाडीसकट भाताच्या खाचरात घातलं. बाबा आता ब्याऐंशीचे आहेत. त्यांना कमी ऐकू येतं, शेजारी ढोल वाजले तरी मान वळत नाही. पण मी गंजीचा विषय काढला की लगेच पाणी मागतात. म्हणजे ऐकू येतं.

आमचं घर म्हसा गावाच्या पुढे, डोंगराकडे तोंड करून. पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली बाबांची खुर्ची, आणि उरलेल्या घरात गवत. खरंच गवत. बाबा गवताचे दलाल होते. डोंगरपट्टीत कापणी झाली की शेतकरी खळ्यात गवताची गंजी रचतो. बाबा ती गंजी उभी विकत घेत, लाकडी दाबात घालून तिचे गठ्ठे बांधत आणि ट्रकने कल्याणच्या वखारीत पोचवत. तिथून गवत तबेल्यांत जाई. दाब आमच्या अंगणातच होता. पहाटे त्याचा करकर आवाज सुरू झाला की कोंबड्याची गरज नसे. गवताचं कुसळ भाताच्या टोपात, अंथरुणात, आमच्या शाळेच्या दप्तरात. आई तांदळाची भाकरी थापताना मध्येच थांबून पिठातून काडी उचलायची आणि बाबांकडे न बघता म्हणायची, की लग्नात सांगितलं होतं मुलगा व्यापारी आहे, जनावर आहे असं कुणी बोललं नव्हतं. बाबा सुकटीच्या कालवणात भाकरी बुडवत आणि ऐकलंच नाही असं दाखवत. तेव्हाही त्यांना हवं तेच ऐकू यायचं.

भाव करायला मी त्यांच्याकडून शिकलो, हे नाकारत नाही. बाबा गंजीभोवती दोन फेऱ्या मारत, मग खांद्यापर्यंत हात आत घालून मूठभर गवत ओढत, वास घेत आणि तोंड वाकडं करत. गवत कितीही चांगलं असो, तोंड वाकडंच. शेतकरी आधीच खचायचा. म्हशाच्या जत्रेत ते मला बैलबाजारात नेत आणि टॉवेलखाली हात घालून बोटांवर भाव कसा करतात ते दाखवत. एकदा त्यांनी मला टॉवेलखाली एका म्हाताऱ्याचा हात धरायला लावला, आणि मी त्या म्हाताऱ्याला इतकं खाली आणलं की नको असलेला बैल बाबांना घ्यावा लागला. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. बैलही बोलला नाही. आईने मात्र दोघांसाठी पुष्कळ बोलून घेतलं.

या धंद्यामुळे आमच्या घरात रस्ते वेगळे मोजले जात. आमच्याकडे किलोमीटर नव्हते, गंज्या होत्या. ट्रक कुठे अडकला विचारलं तर हमाल सांगायचा, पाटलाच्या गंजीच्या अलीकडे. दरवर्षी गंजी त्याच खळ्यात, त्याच जागी उभी राहते आणि होळीपर्यंत तिला कुणी हात लावत नाही, कारण होळीनंतर भाव चढतो. हा आमच्याकडचा नियम. देवळं हलतील पण गंजी हलणार नाही, असं मी धरून चाललो होतो.

अठराव्या वर्षापासून पाच वर्षं मी बाबांचा ट्रक चालवला. ट्रक गवताने भरला की तो दुमजली होतो, वळणावर डोलतो, आणि तो कुठे लवणार हे हातांना आधी कळावं लागतं. मला ते कळायचं. बाबांना माझं कळणं पसंत नव्हतं. गवत नेतोस का कुठं आग विझवायला चाललास, असं ते रोज विचारत. एके दिवशी मुरबाडच्या आठवडी बाजारात, सगळ्या हमालांसमोर, त्यांनी मला खाली उतरवलं आणि म्हणाले की असा ड्रायव्हर रस्त्यावर कुठंही मिळतो. मी चावी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, मग रस्त्यावरूनच घ्या. ट्रक भर बाजारात, मागे तीन एसट्या खोळंबलेल्या, कंडक्टर शिव्या देतायत, आणि मी चालत सुटलो तो थेट शहापूरच्या वाटेने सापगावपर्यंत. अर्धा रस्ता एका वाळूच्या डंपरने नेलं, पण सांगताना मी चालत गेलो असंच सांगतो.

सापगावच्या गॅरेजमध्ये मुंबईच्या एका शेठच्या रॅलीच्या गाड्या यायच्या. शेठ पन्नाशीचा, पोट सुटलेला, बोलायला गोड आणि द्यायला कडू. मी त्याच्या सामानाच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागलो. तीन महिने बाबा आणि मी एकमेकांशी बोललो नाही. निरोप ताई आणायची. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. एका खोलीत चार इयत्ता. तिचा आवाज असा की ती चौथीला पाढे सांगत असली तर ओढ्यापलीकडे गुरं राखणारी माणसंही पाठ करायची. निरोप ती जसाच्या तसा सांगायची, शिव्यांसकट, फक्त शिवीच्या जागी एक सेकंद गप्प बसायची.

मग शेठच्या रॅलीच्या दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर भावाच्या वरातीत नाचता नाचता पडला आणि त्याचं मनगट मोडलं. रॅलीला आठ दिवस राहिले होते, आणि रॅली नेमकी आमच्या डोंगरपट्टीत. मी शेठकडे गेलो. म्हणालो, गाडी मी चालवतो, पगार नको. पुढच्या वर्षभरासाठी संघात जागा पाहिजे. शेठ हसला. मी हसलो नाही. दोन तास घासाघीस झाली, मध्ये दोनदा मी उठून निघून गेलो आणि दोनदा त्याने चहाला म्हणून परत बोलावलं. शेवटी ठरलं: आमच्या वर्गात, म्हणजे सारख्या ताकदीच्या गाड्यांत, पहिल्या पाचांत आलो तर जागा माझी. नाही आलो तर सामानाच्या गाडीवरचीही नोकरी गेली. हे दुसरं कलम शेठने मी उठता उठता घुसवलं. मला त्याचं कौतुकच वाटलं.

रॅलीत ड्रायव्हरशेजारी एक जण वही घेऊन बसतो. पुढचं वळण डावं की उजवं, किती तीव्र, हे तो आधीच ओरडून सांगतो. एक नंबर म्हणजे काटकोनाहून वाईट, सहा म्हणजे जवळजवळ सरळ. ड्रायव्हर डोळ्यांनी नाही, त्याच्या तोंडाने गाडी चालवतो. शेठकडे पुण्याचा एक मुलगा या कामाला होता. त्याने ट्रक ड्रायव्हरच्या शेजारी बसायला नकार दिला. मी त्याला जे म्हणालो ते इथे लिहीत नाही. मग मी ताईला विचारलं. ती म्हणाली, रविवार आहे ना, मग येते. कागदपत्रांची खटपट शेठने केली. हेल्मेट तिच्या अंबाड्यावर बसेना, तेव्हा तिने वेणी घातली, आणि पहिल्यांदा आरशात बघून म्हणाली की वर्गातली पोरं हिला बघून शाळा सोडतील.

आठवड्याभरात आम्ही रस्ता दोनदा सावकाश फिरून नोट्स लिहिल्या. ताईने पुण्याच्या मुलाची जुनी वही मागून आणली होती आणि रात्रीत पद्धत शिकून घेतली होती. ती लिहायला लागली, ऐंशी मीटर, डावी दोन. मी म्हणालो, मला मीटर कळत नाहीत. मला गंजी कळते. माथ्यावर चढलं की समोर दगडूनानांच्या खळ्यातली गंजी दिसते, तिला चिकटून डावीकडे वळायचं. तेच लिही.

"गंजी हलते रे," ती म्हणाली.

"होळीआधी? तू कुणाची पोर आहेस?"

तिने पेन वहीवर टेकवून थोडा वेळ धरलं. "मीटर पण लिहू का बाजूला?"

"दोन दोन गोष्टी ओरडशील तर मी एक पण ऐकणार नाय. गंजी लिही."

तिने लिहिलं. ठसठशीत अक्षर, फळ्यावर लिहिल्यासारखं.

शनिवारी संध्याकाळी मी सापगावला गाडीखाली होतो तेव्हा मोबाइल वाजला. बाबा. आमच्या गावात त्या काळी रेंज नव्हती, फोन करायचा तर वेशीबाहेरच्या टेकडीवर चढावं लागे, आणि बाबांचे गुडघे तेव्हाही दुखायचे. तीन महिन्यांनी बापाचा फोन. मी कट केला. अर्ध्या तासाने पुन्हा आला. पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी मेकॅनिकला दाखवून कट केला. मला वाटलं, माफी मागायला करतायत, तर जरा चढू दे टेकडी.

रविवारी सकाळी आमचा नंबर लागला. पहिली चार मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. ट्रकवर पाच वर्षं ज्या रस्त्याने मी रांगलो होतो तो रस्ता उलगडत होता, आणि शेजारी ताई अशा आवाजात सांगत होती की चूक झाली तर छडी मिळेल असं वाटावं. चिंच, उजवी चार. विहीर, डावी तीन, जपून. चढ. चढ. माथा. दगडूनानांची गंजी, डावी दोन. मी माथ्यावर आलो आणि गंजी शोधली. गंजी नव्हती. मला काय वाटलं असेल? वळण अजून आलेलं नाही, असं वाटलं. एवढी मोठी गंजी कुठे जाणार? मी सरळ गेलो. रस्ता डावीकडे गेला. आम्ही बांधावरून उडालो, भाताच्या धसकटांत उतरलो, पुढचं तोंड दुसऱ्या बांधात घुसलं आणि मागची चाकं हवेत फिरत राहिली.

आधी मी ताईकडे बघितलं. तिने वही छातीशी धरली होती आणि ती ठीक होती. मग समोर बघितलं. खळ्यात पिवळा गोल उरला होता, ताटाखालचा असतो तसा. त्याच्या पलीकडे आंब्याखाली आमचा ट्रक उभा होता, गठ्ठ्यांनी दुमजली झालेला, आणि त्याच्या सावलीत बाबा आणि आठ हमाल भाकरी खात बसले होते.

पुढे कळलं ते असं. वखारीला यंदा होळीआधीच, सोमवारी, माल हवा होता, आणि रॅलीसाठी रस्ता रविवारी बंद. म्हणून बाबांनी नियम मोडून शनिवारीच गंजी घेतली. दाब खळ्यातच आणला तरी बांधाबांधीला संध्याकाळ झाली, आणि पहाटे ट्रक काढेपर्यंत रॅलीवाल्यांनी दोरी लावली होती. म्हणजे ज्या रॅलीसाठी मी गंजीची खूण धरली, त्या रॅलीनेच गंजी हलवली. पण हात बाबांचे होते. मी हेल्मेट काढून आपटलं आणि गंजी कुणी उचलली असं विचारलं. दिसत असताना विचारलं.

बाबा सावकाश उठले, हात धुतले. "मी. का?"

"ती माझी खूण होती."

"तुझी? दगडूची होती. मंग माझी झाली." त्यांनी टॉवेलने हात पुसले. "तीनदा फोन केला तुला. रस्ता कधी बंद होतो इचारायला. टेकडीवर चढून. तीनदा."

ट्रकने गाडी ओढली असती तर आम्ही बाद झालो असतो. हातांनी उचललेली चालते. ताईने ते बाबांना सांगितलं, आणि मग घड्याळ बघून मोठ्याने म्हणाली, एक मिनिट वीस सेकंद. बाबांनी हमालांकडे बघितलं. हमाल उठले. बाबांनी हात वर केला. हमाल पुन्हा बसले.

"आधी बोल," बाबा म्हणाले, "चूक कुणाची."

"तुमची."

बाबा बांधावर बसले. गुडघे धरून, आरामात, जशी एखादी गंजी महाग सांगितल्यावर बसायचे. मागून दुसरी गाडी धूळ उडवत गेली. ताई म्हणाली, दोन मिनिटं दहा. मी म्हणालो की हे ब्लॅकमेल आहे. बाबांनी ताईला विचारलं, हा काय बोलतो गो? ताई म्हणाली, काय नाय, कबूल करायला शब्द शोधतोय. दोन मिनिटं चाळीस. आणखी एक गाडी गेली. मी आयुष्यात एवढा वाईट सौदा कधी केला नाही. समोरच्याकडे सगळा माल आणि माझ्याकडे वेळसुद्धा नाही.

"माझी," मी म्हणालो.

"या लोकांना ऐकू नाय आलं."

"चूक माझी."

बाबांनी मान हलवली. आठ हमालांनी गाडी गठ्ठ्यासारखी घेतली, हेईशा म्हणत आधी मागचं अंग, मग पुढचं, आणि रस्त्यावर ठेवली. एकाने बोनेटवरून प्रेमाने हात फिरवला आणि म्हणाला की हलकी हाये, गवत जास्त भरतं. मी निघालो. शपथेवर सांगतो, उरलेल्या तिन्ही टप्प्यांत आमच्या वर्गात फक्त दोन गाड्या माझ्यापुढे होत्या. ताईने एकही वळण चुकवलं नाही. पण गेलेली मिनिटं गेली. चारही टप्पे मिळून वर्गात सातवे आलो.

दुपारी मुरबाडच्या मैदानात शेठ गाडीचं फुटलेलं नाक बघत उभा होता. दोरी सुटल्यावर बाबांनी आम्हाला घरी न्यायला ट्रक कुंपणापलीकडे आणून लावला होता. ताई माझ्या शेजारी, हेल्मेट काखेत, वही हातात. शेठ म्हणाला, सातवा म्हणजे सातवा, बात संपली. मी उरलेल्या टप्प्यांच्या वेळा सांगितल्या. त्या त्याला माहीत होत्या. तो गप्प झाला, म्हणजे भाव अजून खुला होता. मग त्याने एकच गोष्ट विचारली. वळण मला दिसलं नाही, की मला नीट सांगितलं गेलं नाही? ड्रायव्हरला रस्ता दिसत नसेल तर त्याच्या हातात गाडी देता येत नाही. नोट्स चुकल्या असतील तर नोट्सवाला बदलता येतो.

असा प्रश्न समोर आला की मी विचार करत नाही. समोरचा कुठे द्यायला तयार आहे तिथे हात घालतो. ही सवय आहे, आणि तिच्यावर मी घर बांधलंय.

"नोट्स चुकल्या," मी म्हणालो.

शेठने ताईकडे बघितलं. "मॅडम, नोट्स तुमच्या?"

ताईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वर्गात खडू कुणी चोरला हे तिला माहीत असतं तेव्हा ती त्या पोराकडे न बोलता बघते आणि त्याने आपणहून उभं राहायची वाट बघते. मी तिच्या वर्गात बसून पाहिलं आहे, बहुतेक पोरं उभी राहतात. मी बुटाच्या टोकाने माती उकरली.

"हो," ती म्हणाली. "माझ्या."

शेठने वही मागून घेतली, ते पान काढलं, आणि गंजी वाचून पोट धरून हसला. मग माझ्या पाठीवर हात मारला. जागा माझी, शेजारी पुण्याचा मुलगा. ताईला तो म्हणाला की तुमचा आवाज एक नंबर आहे, वाईट वाटून घेऊ नका. ताईने वही परत मागितली, कारण मागची पानं कोरी होती आणि शाळेत उपयोगी पडली असती.

ट्रकच्या केबिनमध्ये आम्ही तिघं बसलो, ताई खिडकीकडे, मी मधे. म्हसा आलं तेव्हा बाबांनी विचारलं, जागा मिळाली का. मी म्हणालो, मिळाली.

"दोघांला?"

"मला कुठं टाइम हाये बाबा," ताई म्हणाली. "उद्या पोरांची चाचणी हाये."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. गंजीत खांद्यापर्यंत हात घातल्यावर बघत तसं. पण त्यांनी काही विचारलं नाही, गिअर टाकला आणि चढ चढवला. मला अजूनही वाटतं की विचारायला हवं होतं. चूक कुणाची, असं त्या दिवशी एकदा विचारलंच होतं, अजून एकदा विचारलं तर काय बिघडलं असतं? या माणसावर माझा राग आहे तो उगाच नाही.

त्यानंतर अकरा वर्षं मी शेठच्या आणि दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. शेजारी चार जण बसून गेले, सगळे मीटर सांगणारे, सभ्य आवाजाचे. ताई पुन्हा कधी गाडीत बसली नाही, मीही कधी म्हटलं नाही. ती आता मुख्याध्यापिका आहे, आणि माझ्या चषकांचं कपाट आईनंतर तीच पुसते. मुलाखतीला पत्रकार आले की मी त्यांना गंजीची गोष्ट सांगतो, बाबांनी उचलली इथपर्यंत, मग ते हसतात आणि मीही हसतो. ताई चहा घेऊन येते, ठेवते आणि आत जाते. ती हे पुस्तक वाचणार आहे, म्हणून नीट लिहून ठेवतो. नोट्स माझ्या होत्या, अक्षर तिचं होतं. गंजी लिही असं मी सांगितलं होतं, आणि तिने मला दोनदा विचारलं होतं.